हातचे राखून बोलावे काय?

पावसाची वाट पाहण्याचे दिवस आले की संध्याकाळी आमच्या घरी बातम्या पाहायला दोन-तीन शेजारी येऊन बसतात. एक धानाचे शेतकरी आहेत, दुसऱ्यांनी सारे आयुष्य हातमागावर घालवले आहे, आणि तिसरे आमच्याच मंडळीतले आहेत. निवेदिका सांगते की विभागात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे. लगेच शेतकरी विचारतात, "तुरळक म्हंजे कोनाच्या वावरात?" आणि सगळे हसतात. हा विनोद आमच्याकडे दर वर्षी होतो. दर वर्षी आम्हीही हसतो.

परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या मनात असे आले की हसण्यापूर्वी त्या शब्दाची चौकशी तरी करावी. तेव्हा कळले की हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक' हा शब्द मोजून वापरलेला असतो. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. सव्वीस ते पन्नास टक्के केंद्रांवर असेल तर 'काही ठिकाणी'. एक्कावन्न ते पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत 'बऱ्याच ठिकाणी', आणि त्याच्या पुढे गेले म्हणजे 'बहुतेक सर्व ठिकाणी'. ज्या शब्दाला आम्ही गुळमुळीत समजत होतो तो सांगणाऱ्याच्या ज्ञानाची सीमा दाखवणारा शब्द निघाला. कोणाच्या वावरात पाऊस पडेल हे त्या खात्याला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे ते म्हणत नाही. आमच्या शेतकरी मित्राला हे समजावून सांगितले. ते म्हणाले, "मंग बरोबर हाय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विनोद केला. असो.

यावरून पुढे विचार सुरू झाला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज जी माणसे बोलतात, ती किती वेळा हातचे राखून बोलतात? आणि त्यांतील किती राखणे या 'तुरळक'सारखे प्रामाणिक असते?

आपण एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आम्ही बसलो होतो. बातमीदार घटनास्थळावरून बोलतो: "या ठिकाणी कुठेतरी नाराजी पाहायला मिळतेय." चर्चेला आलेले तज्ज्ञ म्हणतात: "एका अर्थाने, तसे बघायला गेले तर, हे काही प्रमाणात खरे आहे." पक्षाचा प्रवक्ता म्हणतो: "मला असे वाटते की ही गोष्ट कुठे ना कुठे तपासून बघण्याची गरज आहे." निवेदक म्हणतो: "सूत्रांकडून अशी माहिती मिळतेय", "असे बोलले जातेय", "अशी चर्चा आहे". कोण बोलतो, कोठे चर्चा आहे, हे कोणी सांगत नाही. अर्ध्या तासात आमच्या कागदावर 'कुठेतरी' हा शब्द एकवीस वेळा आला, आणि त्यातील एकदाही बोलणाऱ्याला एखादी जागा सांगायची नव्हती. आमचे वारासिवनी १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, तेव्हापासून भोपाळ राजधानी असलेल्या राज्यात आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी. म्हणून आमच्या कानाला चटकन कळते की हे 'कुठेतरी' म्हणजे हिंदीतल्या 'कहीं न कहीं'ची मराठी आवृत्ती आहे. शब्द कोठून आला याला महत्त्व नाही. बोलणारा वाक्य उच्चारतो आणि त्याच वाक्यातून एक पाय बाहेर ठेवतो, ही खरी गोष्ट.

या प्रकारच्या शब्दांचा अभ्यास विद्वानांनी केलेला आहे. जॉर्ज लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यांवर एक निबंध लिहिला. शेतकरी वावराभोवती काटेरी कुंपण लावतो त्यावरून इंग्रजीत अशा शब्दांना कुंपणाचेच नाव आहे. लेकॉफचे म्हणणे असे की काही शब्द विधानाला धूसर करतात, तर काही शब्द त्याची धूसरता कमी करतात, आणि या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो. म्हणजे 'बहुधा', 'जवळजवळ' हे जसे या कुटुंबातले, तसेच 'अगदी', 'निव्वळ', 'तंतोतंत' हेही त्याच कुटुंबातले. पडद्यावर 'नक्कीच' हा शब्द किती स्वस्त झाला आहे पाहा. "नक्कीच, कुठेतरी असे म्हणता येईल" हे वाक्य आम्ही स्वतः ऐकले आहे.

आपल्या मराठीला तर ही सोय व्याकरणातच मिळालेली आहे. "पाहुणे आले" म्हटले की पाहिले. "पाहुणे आले असतील" म्हटले की अंदाज केला. "पाहुणे आले असावेत" म्हटले की दारातल्या चपला पाहून तर्क केला. "पाहुणे आले म्हणे" म्हटले की शेजारणीने सांगितले, जबाबदारी तिची. एवढ्याशा फेराने बोलणारा आपल्या ज्ञानाचे मूळ सांगून मोकळा होतो. आमच्या आजीच्या बोलण्यात 'म्हणे' आणि 'असावे' यांची कधी गल्लत होत नसे. ज्यांना शाळा लाभली नाही त्यांनी ही शिस्त पाळली, आणि आपण शिकलेल्यांनी 'सूत्रांच्या माहितीनुसार' हा लांबलचक 'म्हणे' तयार केला, ज्यात शेजारीण कोण हेच सांगायचे नसते.

तर मग राखून बोलणे वाईट, आणि ठाम बोलणे चांगले, असे म्हणावे काय? डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होय ते होय आणि नाही ते नाही असे बोलण्यास सांगितले आहे, आणि शब्बाथशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो. म्हणून आपल्या मंडळ्यांतून असा समज असतो की 'बहुधा' म्हणणारा माणूस विश्वासात कच्चा. आम्हाला हा समज घातक वाटतो. का, ते एका दूरच्या उदाहरणाने सांगतो.

इटलीत लाक्विला नावाचे गाव आहे. २००९ सालच्या सुरुवातीला तेथे महिनोन्महिने भूकंपाचे लहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते. तेव्हा ३१ मार्चला तज्ज्ञांची एक बैठक बोलावण्यात आली, आणि नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत सांगितले की लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. मुलाखतकाराने विचारले, मग निवांत द्राक्षारसाचा पेला घ्यावा काय? अधिकारी म्हणाले, अवश्य, आणि कोणता घ्यावा तेही सांगितले. त्या भागातील जुनी रीत अशी की धक्का बसला की रात्र उघड्यावर काढायची. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. रात्री आधीचे धक्के बसूनही जे घरातच झोपून राहिले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या नातेवाइकांनी पुढे सांगितले की त्या आश्वासनावर विसंबून ते राहिले. खटला झाला. २०१२ साली सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सात जणांना शिक्षा झाल्या. २०१४ साली वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना सोडले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी करून कायम ठेवली.

भूकंप केव्हा होईल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ते सांगता आले नाही म्हणून कोणाला दोष देता येत नाही. पण "सांगता येत नाही" हे तीन शब्द त्या मुलाखतीत नव्हते. ते असते तर कदाचित काही कुटुंबांनी अंथरुणे बाहेर नेली असती. येथे ठाम बोलणे हेच असत्य होते.

आपल्याकडेही हा प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. मतदानोत्तर अंदाजांची रात्र आठवावी. १ जून २०२४ च्या संध्याकाळी पडद्यावर आकडे नाचत होते. एका नामांकित संस्थेने सत्ताधारी आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या, आणि अंदाजात चूक होऊ शकते हे वाक्य, जेथे दाखवले तेथे, खाली बारीक अक्षरांत होते. ४ जूनला निकाल आला तो २९३ चा. त्या संस्थेचे प्रमुख थेट प्रक्षेपणात रडले. बरेच लोक त्यांना हसले. आम्हाला हसू आले नाही. २००४ सालीही असेच झाले होते, तेव्हाही अंदाज एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला गेला होता, आणि वीस वर्षांत पडद्याने एवढेच शिकून घेतले होते की आकडे अधिक मोठ्या अक्षरांत दाखवावेत. दोष एकट्या त्या माणसाचा नव्हता. 'असावे' म्हणणाऱ्याला कोणी चर्चेला बोलावत नाही, आणि बोलावले तर पाहणारे आपणच वाहिनी बदलतो. महामारीच्या वर्षी, २०२० साली, "आज जे माहीत आहे त्यावरून" अशी सुरुवात करणारे डॉक्टर आपल्याला कंटाळवाणे वाटले, आणि काढ्याची हमी देणारे गृहस्थ आवडले. मुखपट्टीविषयीचा सल्ला काही महिन्यांत बदलला तेव्हा ज्यांनी 'आज' हा शब्द वापरला होता त्यांना मान खाली घालावी लागली नाही. इतकेच.

पवित्र शास्त्रातही राखून बोलणारा एक मोठा माणूस आहे, आणि तो प्रेषित पौल. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो सांगतो की क्रिस्प व गायस यांच्यावाचून मी तुमच्यातील कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला आठवते, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणि मग म्हणतो की त्याखेरीज आणखी कोणाचा केला असेल तर माझ्या लक्षात नाही. पत्र लिहून घेणाऱ्याने ते वाक्य खोडून नीट करता आले असते; केले नाही. सातव्या अध्यायात तर लग्नासारख्या नाजूक विषयावर तो वेगवेगळे सांगतो की ही आज्ञा प्रभूची आहे, आणि हे मात्र माझे मत आहे. आपल्या मताला प्रभूचे नाव लावण्याचा मोह किती मोठा असतो ते जे व्यासपीठावर उभे राहतात त्यांना विचारावे. ज्या पौलाने होय-नाही एकदम बोलण्याचा आरोप आपल्यावर आला असता तो दुसऱ्या पत्रात जोराने फेटाळला, तोच हा पौल. त्याला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती अधिक वाईट आहे.

'कथित' हा शब्द घ्या. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरावा, या न्यायतत्त्वासाठी तो वापरायचा असतो. शब्द चांगला, वापरणे योग्य. पण पडद्यावर आरोपीचे छायाचित्र तासभर दाखवायचे, पार्श्वभूमीला भयाचे संगीत लावायचे, आणि मग 'कथित' म्हणायचे, तर त्या शब्दाने आरोपीचे काय रक्षण झाले? रक्षण वाहिनीचे झाले, अब्रुनुकसानीच्या दाव्यापासून. याहून सोयीचे साधन म्हणजे प्रश्नचिन्ह. "यामागे अमुक समाजाचा हात?" असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि शेवटी ते आकड्यासारखे चिन्ह टांगले की आपण काही म्हटलेच नाही, नुसते विचारले. एदेन बागेतला सर्पही विचारतच आला होता. पहिल्या वाक्यात त्याने काहीही सांगितले नाही, खरेच का असे एवढेच विचारले.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या मरकजला आलेल्या परदेशी पाहुण्यांविषयी जे प्रसारण झाले ते आपण सर्वांनी पाहिले. काही ठिकाणी उघड आरोप होता, काही ठिकाणी प्रश्नचिन्हाच्या आडून. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्यापैकी काहींवरील गुन्हे रद्द केले, मुद्रित आणि दृक्श्राव्य माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाल्याची नोंद केली, आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असावे असे मत दिले. लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचलेल्या आपल्या लोकांना तो शब्द कोठून येतो हे सांगायला नको. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या आठवड्यांत आमच्या घरीही ते कार्यक्रम लागत होते, आणि आम्ही ते बंद केले नव्हते.

माफीचीही अशीच गत झाली आहे. "माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो." या वाक्यात 'तर' आहे तोपर्यंत चूक बोलणाऱ्याची नसून दुखावून घेणाऱ्याची आहे. नाथान संदेष्ट्यासमोर दाविदाने 'तर' लावला नाही. शौलाने शमुवेलासमोर लावले होते, लोकांचे निमित्त पुढे केले होते. बाकी शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचून पाहावेत.

मग प्रामाणिक राखणे कोणते आणि कावेबाज कोणते, हे ओळखावे कसे? शब्द तर तेच असतात. या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस छळले, आणि शेवटी योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात थोडे हाती लागले. तो अध्याय म्हणजे जवळजवळ एक लांबलेली मुलाखतच आहे. जन्मांधाला दृष्टी आली आहे, आणि परूशी एकेकाला बोलावून प्रश्न विचारीत आहेत. आईबापांना बोलावले. ते म्हणाले, हा आमचा मुलगा आहे हे ठाऊक आहे, तो आंधळा जन्मला हेही ठाऊक आहे. आता कसा पाहतो ते आम्हांला ठाऊक नाही, तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. वाक्य न् वाक्य तपासा. खोटे एकही दाखवता येणार नाही, कदाचित ठाऊक नव्हते हेही पूर्ण खरे असेल. पण योहान तेथे थांबून सांगतो की ते भ्याले होते, कारण प्रभूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभास्थानातून बाहेर घालवायचे ठरले होते.

नंतर मुलाला पुन्हा बोलावले. तो मनुष्य पापी आहे हे कबूल कर, असा आग्रह झाला. मुलगाही म्हणाला, तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. एक मात्र ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता पाहतो.

'ठाऊक नाही' हे शब्द आईबापांच्या तोंडी आहेत आणि मुलाच्याही तोंडी आहेत. दोघेही ज्ञानाची सीमा सांगत आहेत. पण आईबाप त्या सीमेच्या आत शिरून लपतात आणि प्रश्न मुलावर ढकलतात. मुलगा त्याच सीमेवर उभा राहतो आणि जेवढे आपले आहे तेवढे सोडत नाही. परिणामही पाहा: आईबाप सभास्थानात राहिले असावेत, मुलाला बाहेर घालवले. म्हणून आम्हाला असे वाटू लागले आहे की राखलेल्या शब्दाला एकच प्रश्न विचारावा: तू कोणाला वाचवतोस? ऐकणाऱ्याला चुकीपासून, की बोलणाऱ्याला परिणामापासून? हा प्रश्न सगळ्या ठिकाणी पुरेल असा आमचा दावा नाही. पोलिसांपासून निरपराधाला लपवणाऱ्याचे राखणे, किंवा मरणाच्या दारातील रोग्याशी डॉक्टरचे बोलणे, ही प्रकरणे वेगळी आहेत आणि त्यांवर कोणीतरी निराळे लिहावे.

हे सर्व आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. येथपर्यंत लिहून लेख पाठवावा असे मनात होते. पण तसे केल्यास तोही एक हातचा राखणे होईल.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावातील एका वसतिगृहाच्या विहिरीवरची मोटर चोरीस गेली. संध्याकाळी आठ वाजता ती चालू होती, दहाला चौकीदाराने पाहिले तर नव्हती. विजेची कामे करणारा आमच्या मंडळीतील एक तरुण आदल्या दिवशी तेथे दुरुस्तीला गेला होता, म्हणून संशय त्याच्यावर आला आणि पोलिसांनी त्याला बोलावून नेले. त्या रात्री सातपासून साडेदहापर्यंत तो आमच्या घरी नाताळगीतांच्या सरावात बसला होता. पेटीचा एक सूर अडकत होता, तो त्यानेच उघडून नीट केला. हे आम्हाला जितके निश्चित ठाऊक होते तितके जगात फार थोडे ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना-मंदिराच्या फाटकाशी गावातल्या केबल वाहिनीचा मुलगा कॅमेरा घेऊन उभा होता. त्याने विचारले, "गुरुजी, हा तुमच्या मंडळीचा मुलगा, तुम्ही काय सांगाल?" आम्ही म्हणालो, "मुलगा तसा चांगला वाटतो. पण आजकाल कोणाविषयी काही सांगता येत नाही. चौकशीतून काय ते बाहेर येईलच."

आम्ही असे का म्हणालो? खूप कारणे सांगता येतील. मंडळीचे नाव वादात येऊ नये. पोलिसांचा तपास चालू असताना बोलू नये. कॅमेऱ्यासमोर माणूस गांगरतो. ही सगळी कारणे आम्ही त्या वेळी स्वतःला सांगितली. खरे कारण एवढेच होते की आमचे घर त्या प्रकरणात ओढले जाऊ नये. दुपारी पोलीस ठाण्यावर जाऊन आम्ही सराव आणि वेळ यांविषयी सांगितले, आणि त्याला संध्याकाळी सोडले. पुढे मोटर कोणी नेली होती तेही निघाले. पण ठाण्यातले बोलणे चार भिंतींत राहिले, आणि फाटकाशी केलेले बोलणे संध्याकाळपासून दर तासाला लागत होते. नंतर ते लोकांच्या फोनवर फिरले.

'तसा' या दोन अक्षरांचा अर्थ प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. लग्नाची चौकशी करायला माणूस येतो आणि शेजारी म्हणतो, "मुलगा तसा चांगला आहे." पाहुणा चहा पिऊन उठतो आणि पुन्हा येत नाही. आम्ही आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले. त्या शब्दाचे वजन आम्हाला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

चार दिवसांनी भाजीबाजारात त्या मुलाची आई भेटली. ती म्हणाली, "गुर्जी, तो त तुमच्याच घरी होता ना. तुमाले मालूम होता." आम्ही तपासाविषयी काही सांगू लागलो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "टीव्हीवर तुमी 'तसा चांगला' म्हटले," आणि पिशवी उचलून गेली. ती रागावली असती तर आम्हाला उत्तर देता आले असते.

आम्ही केबलवाल्या मुलाकडे गेलो आणि पुन्हा बोलायचे आहे असे सांगितले. तो भला मुलगा, पण म्हणाला, गुरुजी, ती बातमी आता जुनी झाली. तेव्हा पुढच्या रविवारी, सूचनांच्या वेळी, आम्ही मंडळीपुढे उभे राहून सांगितले की त्या रात्री तो सात ते साडेदहा आमच्या घरी होता, हे आम्हाला ठाऊक होते, आणि विचारले असता आम्ही ते सांगितले नाही. 'तर' लावला नाही, एवढेच. आई मागच्या बाकावर होती. मुलगा आलेला नव्हता. आता तो नागपूरला कामाला आहे, नाताळला येतो, सलाम करतो, बोलतो. सरावाला बसत नाही.

यंदा शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गाला आम्ही योहानाचा नववा अध्याय घेतला. मुलांना आंधळ्याचा धीटपणा आवडला, परूशांची फजिती तर फारच आवडली. धडा संपून पुस्तके मिटत असताना एका मुलीने विचारले, "मग तो घरी गेल्यावर त्याची आई त्याला काय म्हणाली?"

आम्ही पुन्हा अध्याय उघडून पाहिला. त्यात ते लिहिलेले नाही, असे तिला सांगितले.